घरच्यांसाठी एक साधा कॅमेरा

बाबांनी दादाला गिऱ्हाईक समजून त्याच्या खांद्याचं माप घेतलं, त्या दिवशी कॅमेरा घ्यायचं ठरलं. टेप नव्हतीच हातात. वितीने मोजलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "डावा खांदा थोडा उतरलाय तुमचा. भरून घेऊ. बुधवारी ट्रायलला या." आम्ही हसलो. दादाही हसला, पण जेवायला थांबला नाही. जिना उतरेपर्यंत त्याचे कान लाल झालेले मला वरून दिसत होते.

बाबा जेन्ट्स टेलर. उभा जन्म पुरुषांचे शर्ट, पँटी, कोट शिवण्यात गेला. बायकांच्या कपड्याला त्यांनी कधी हात लावला नाही. "त्यात मापं कमी आणि मतं जास्त," असं म्हणायचे. दुकान विकून झालं, आई गेली, आणि मग एकेक करून त्यांच्या डोक्यातली माणसंही उठून जायला लागली. आधी शेजारी गेले, मग आत्या, मग व्याही मंडळी. व्याही गेले त्याचं कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. पण थोरला मुलगाच गिऱ्हाईक झाला, तेव्हा सगळ्यांचं धाबं दणाणलं.

बाबांजवळ मी राहते. मधली, बिनलग्नाची, म्हणून मोकळी, असा घरचा हिशोब. औषधांच्या एका घाऊक दुकानात मी बिलं करायचे, ती नोकरी सोडली. दादा शहराच्या एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला. धाकट्याला आम्ही बारक्या म्हणतो. वजन नव्वदच्या पुढे गेलं तरी नाव काही फुगलं नाही. दोघं महिन्यातल्या एका रविवारी सहकुटुंब यायचे, बाबांच्या खोलीत जरा वेळ बसायचे, आणि जाताना मला सांगायचे की बाबांच्या तब्येतीकडे लक्ष दे.

मी लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून बाबा मला भिंगरी म्हणत. त्या वेळेपर्यंत तरी म्हणत होते. सकाळी डोळे उघडले की पहिली हाक तीच. मात्र मधूनच एखाद्या दिवशी "अहो बाई, जरा पाणी" असं यायचं. मी ते कोणाला सांगितलं नाही. बाकीचे सगळे गेले तरी भिंगरी जायची नाही, असं स्वतःला बजावत मी पाणी द्यायचे.

विसरण्याच्या आजाराचा एक दवाखाना आहे, तिथल्या समुपदेशक बाईंकडे आम्ही तिघं भावंडं गेलो. बाई शांत होत्या. म्हणाल्या, "जुने फोटो दाखवू नका. जुन्या फोटोत हे तुमचे दादा हाफ पँटमध्ये असतात, मग वडील घरभर हाफ पँटमधला मुलगा शोधतात. आजचे चेहरे दाखवा. एका पानावर एक माणूस, मोठा चेहरा, खाली नाव आणि नातं. रोज सकाळी एकदा अल्बम उघडायचा आणि त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचा. जे चेहरे राहावेत असं वाटतं, ते सगळे त्यात पाहिजेत."

हे शेवटचं वाक्य आम्ही तिघांनीही ऐकलं. तिघांचेही कान धड होते.

फोनमध्ये तेव्हा कॅमेरे आले होते, पण त्यात काढलेला माणूस पोलीस शोधत असल्यासारखा दिसायचा. म्हणून कॅमेरा. छोटा, खिशात मावणारा, परवडणारा, घरच्यांचे फोटो काढता येतील एवढाच. सांगायला हे एक वाक्य आहे. पण आमच्या घरात साधा पायपोस घ्यायचा तरी तीन पक्ष पडतात.

दादा अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करतो, विम्यासाठी. चेपलेल्या बंपरांचे फोटो काढून काढून तो या विषयातला जाणकार झाला होता. त्याला झूम हवा होता. मी म्हटलं, "माणूस समोरच्या खुर्चीत बसणार आहे. झूम काय त्याच्या दातातली फट बघायला?" तो म्हणाला, "तुला त्यातलं कळत नाही." बारक्याला कॅमेरा पातळ हवा होता, शर्टाच्या खिशात दिसू नये इतका. वहिनीला चंदेरी रंगाचा, काळा नको, काळा मेकॅनिकच्या हातात असतो तसा वाटतो. बारक्याच्या बायकोचं म्हणणं, पडदा मोठा हवा, लगेच बघता आलं पाहिजे, आणि नको तो फोटो लगेच पुसताही आला पाहिजे. फोनवर फोन झाले. एकाने काही वाचायचं, दुसऱ्याला पाठवायचं, तिसऱ्याने त्यात खोट काढायची. इतकी चौकशी यांनी बाबांच्या गोळ्यांची कधी केली नव्हती.

माझं मागणं साधं होतं, कारण तो कॅमेरा वापरणार मी होते. बाबांच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. तिथे उजेड बेताचा, आणि फ्लॅश मारला की चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा होतो. तेव्हा कमी उजेडात फ्लॅशशिवाय नीट फोटो येईल असा हवा. बटणं जाडजूड हवीत. आणि साध्या सेलवर चालणारा हवा, भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसल्या. म्हणजे सेल संपले की खालच्या दुकानातून आणले, काम झालं. दादाने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सेलवर चालणारं म्हणजे खेळणं."

शेवटी एका शनिवारी आम्ही दुकानात गेलो. बाबांना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तेही. विक्रेता तरतरीत होता, मेगापिक्सेलशिवाय दुसरं बोलतच नव्हता. काचेवर त्याने पाच कॅमेरे मांडले. दादा एकेक उचलून कानाशी नेऊन हलवून बघत होता. नारळ घेताना हलवतात तसं. बाबांनी मात्र विक्रेत्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरली आणि म्हणाले, "मशीनचं काज आहे. दोन धुण्यांत सुटेल." मग माझ्याकडे वळून काचेवर बोट ठेवलं. "भिंगरे, एवढ्याशा डबीत काय असतं गं?"

मी म्हटलं, "फोटो असतात, बाबा."

"मावतात?"

"सगळे मावतात."

विक्रेत्याने माझ्या हातात एक कॅमेरा दिला, जाड बटणांचा, सेलवर चालणारा, पाचांतला सर्वांत स्वस्त. "काढून बघा मॅडम." मी बाबांना मध्ये उभं केलं, दोन बाजूंना दोघं भाऊ. दुकानातल्या मंद दिव्यातही तिघांचे चेहरे स्वच्छ आले. विक्रेता म्हणाला, "आता तुम्ही पण उभ्या राहा ना, मी काढतो." दादा पाकीट काढता काढता म्हणाला, "राहू दे हो, ती घरातलीच आहे." विक्रेत्याला ते कळलं नाही. मलाही तेव्हा ते नीट कळलं नाही. आपल्या मनासारखा कॅमेरा मिळाला, याचाच मला आनंद झाला होता. तो कॅमेरा स्वस्त होता म्हणून दोघांनी मान्य केला, आणि मी निवडला असं सगळ्यांना सांगितलं. म्हणजे बिघडला तर बोलायची सोय.

पुढच्या रविवारी सगळे आले. खिडकीशी खुर्ची ठेवली, मागे पांढरी चादर टांगली. वहिनीने तीनदा केस विंचरले. बारक्या पोट आत ओढून बसला आणि फोटो झाल्याबरोबर फुगा सोडावा तसा सुटला. मुलांनी वेड्यावाकड्या तोंडांचे दहा काढून घेतले, मग एकेक सरळ. जावई नाही, मुलीकडची नातवंडं नाहीत, तेव्हा मंडळी तशी मोजकीच. सगळ्यांचं झाल्यावर मी कॅमेरा बारक्याकडे दिला. "माझा एक काढ रे."

त्याने कॅमेरा उलटसुलट केला. सेलचं चिन्ह लुकलुकत होतं. आतून वहिनीने जेवायला हाक मारली. तो म्हणाला, "ताई, तू तर चोवीस तास त्यांच्या नाकासमोर असतेस. तुझा फोटो कशाला? काखेत कळसा आणि गावाला वळसा." सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. यांना बाबांच्या आठवणीत राहायला कागद लागतो, मला लागत नाही. नवीन सेल आणायचं राहिलं, त्याचं मला काही वाटलं नाही.

फोटो धुऊन आणले, अल्बम झाला. रोज नाश्त्यानंतर बाबांना उशी लावून बसवायचं आणि पहिलं पान उघडायचं. पहिले काही दिवस ते चेहरा बघतच नसत, कपडे बघत. "कॉलर बसली नाही. कोणी शिवलाय?" मी खालचं नाव दाखवायचे. "दादा. थोरला मुलगा," ते वाचायचे, आणि मग वर बघायचे. हळूहळू उलटं झालं. आधी चेहरा, मग नाव, मग कॉलर. मला इतका आनंद व्हायचा की मी त्यांना परत पहिल्यापासून वाचायला लावायचे. माझ्यासारखी मन लावून शिकवणी कोणी घेतली नसेल.

महिन्याच्या रविवारी दादा दारात उभा राहिला. बाबांनी मांडीवरचा अल्बम उघडला, पानाकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये रे दादा. किती दिवसांनी आलास?" दादा न्हाणीघरात गेला, बराच वेळ नळ सोडून आत राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे सुजले होते, पण तोंड मूळपदावर होतं. "शेवटी चेहरा स्वच्छ आला पाहिजे," तो म्हणाला. "मी म्हणत होतो ना, कॅमेऱ्यावर सगळं असतं."

त्याच आठवड्यात कधीतरी भिंगरी बंद झाली. एकदम नाही. आधी नुसतं "अगं" राहिलं, मग "अहो". मी चहा घेऊन गेले की बाबा अल्बम चाळायचे, अगदी शेवटच्या पानापर्यंत, परत पहिल्यापासून. त्यांची बोटं घाईघाईने चालायची. नको त्या खिशात पाकीट शोधावं तशी. मग मिटायचे आणि सभ्यपणे विचारायचे, "बाई, आपण कुठल्या?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. राग आला होता मला. बाबांचा नाही. कोणाचा, ते ठरवता येत नव्हतं, म्हणून जास्तच आला.

सेल आणले. हात लांब करून स्वतःचा फोटो काढून पाहिला तर नुसती हनुवटी आली. मग कॅमेऱ्यातला टायमर शोधला. डब्यांची उतरंड करून त्यावर कॅमेरा ठेवला, बटण दाबलं आणि खुर्चीकडे धावले. लाल दिवा लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते. रिकाम्या खोलीत असं एकटीने हसून बघा कधी. फोटो चोरी पकडल्यासारखा आला. तरी धुऊन आणला. खाली ठळक लिहिलं, "भिंगरी. मुलगी." आणि लावला सगळ्यांच्या आधी, पहिल्या पानावर.

सकाळी बाबांनी अल्बम उघडला. फोटो पाहिला. माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे. मग त्यांनी तो अलगद काढून माझ्या हातात दिला आणि मऊ आवाजात म्हणाले, "बाई, आम्ही बायकांचं शिवत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारा."

मी तो परत लावला. त्यांनी परत काढला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. मी डिंकाने चिकटवला, तर दुपारी माझा डोळा लागलेला असताना त्यांनी शिवणाची कात्री शोधून काढली आणि माझं पान मुळाशी कापून टाकलं. काय सरळ कापलं होतं. धाग्याइतकंही इकडे तिकडे नाही. कापलेलं पान नीट घडी करून टेबलावर ठेवलं होतं, चुकून आलेली वस्तू मालक येईपर्यंत ठेवावी तसं.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. ते आजारी आहेत."

"आजारी आहेत तर तुला बरे ओळखतात."

"आता ओळखतात तर ओळखतात. मी काय करू? ओळखू नका म्हणू?" मग म्हणाला, "तुझं काय अडतंय पण? तू आहेसच ना तिथे."

मी फोन ठेवला आणि नंतर दिवसभर उत्तरं सुचत राहिली.

दवाखान्यात परत गेलो, तिघंही, बाबांना घेऊन. बाईंनी अल्बम पाहिला. कौतुक केलं, चेहरे किती छान आलेत म्हणाल्या. दादा खुर्चीत ताठ झाला. मग त्यांनी पानं एकदा पुढे, एकदा मागे केली, कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "तुमचं पान कुठे आहे?"

दादा छताकडे बघायला लागला. बारक्या बुटाची नाडी सोडून परत बांधायला वाकला. एवढं पोट घेऊन तो वाकला, यावरून काय ते समजा.

मी सांगितलं, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं. मग जपून जपून बोलल्या. "त्यांनी हा अल्बम मनापासून धरलाय. आता घरचं कोण आणि बाहेरचं कोण, हे ते यावरून ठरवतात. जे यात नाही ते बाहेरचं. प्रयत्न करत राहा, पण जबरदस्ती नको. घाबरले तर हेही सगळं सोडून देतील."

म्हणजे मी हट्ट धरला तर भाऊही जाणार. परत येताना गाडीत दादा म्हणाला, "मग काही दिवस बाजूलाच राहू दे ना तुझा फोटो. चाललंय ते तरी चालू दे." बारक्या मागच्या सीटवरून "हो ना ताई" म्हणाला. बाबा माझ्या शेजारी अल्बम छातीशी धरून बसले होते. मी बाहेर बघत होते. हे दोघं महिन्यातून एकदा येणार आणि त्यांना "ये रे" मिळणार. त्यांचे कपडे मी धुवायचे नाहीत, त्यांना आंघोळ घालायची नाही, हे खरं, पण त्यांचे चेहरे रोज सकाळी बाबांच्या डोक्यात घासूनपुसून ठेवायचे मी. आणि मी ते थांबवलं नाही. थांबवलं असतं तर बाबांकडे काय उरलं असतं?

फोटो मी परत लावला नाही. बाईंच्या सांगण्याप्रमाणे रोज हळूच सांगून बघायचे, "बाबा, मी तुमची मुलगी." ते मान डोलवायचे. गिऱ्हाईक जास्त बोलायला लागलं की डोलवायचे तशी.

परवा दुपारी चहा घेऊन गेले तर ते खुर्चीत नीट बसले होते, शर्टाची सगळी बटणं लावून. अल्बम मांडीवर. म्हणाले, "बाई, बसा जरा. तुमच्याशी बोलायचं होतं."

मी बसले.

"तुम्ही सकाळी बघावं तर इथे, संध्याकाळी बघावं तर इथे. काम चोख आहे तुमचं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तुम्हाला तुमचं घर असेल ना?"

"आहे."

"कोण आहे घरी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वडील आहेत."

"वय काय त्यांचं?"

"तुमच्याएवढंच."

ते एकदम गंभीर झाले. कप खाली ठेवला. "आणि त्यांच्याकडे कोण बघतं?"

मी कपाची बशी सरळ केली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून मला हात लावला होता. बोटावर शिवताना चढवायच्या अंगुस्तानाने पडलेला घट्टा तसाच होता.

"असं करू नये पोरी," ते म्हणाले. "जा त्यांच्याकडे. म्हातारं माणूस वाट बघत असेल. माझी काळजी करू नका, माझी मुलं आहेत." आणि अल्बमवर थोपटलं.

मला दारापर्यंत सोडायला ते स्वतः उठले. भिंतीचा आधार घेत आले, दार उघडून धरलं. मी बाहेर गेले. दुसरं काय करणार होते? दार त्यांनी हळूच लोटलं. कडी नव्हती लावली. मी ढकललं असतं तर उघडलं असतं.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आतून त्यांचा आवाज येत होता. दादाच्या पानाशी बोलत असावेत.

"तिलाही म्हातारा बाप आहे म्हणे," ते सांगत होते. "आणि पोरगी दिवसभर परक्याच्या घरी."